नर्मदेची गंगाजळी आणि इंदूरचा हिशेब

इंदूर आणि नर्मदा यांच्यामध्ये विंध्य पर्वताची रांग उभी आहे. तरीही आजचे इंदूर नर्मदेवर जितके विसंबून आहे, तितके तिच्या काठावरचे एखादे गावही क्वचितच असेल. खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे नदीतून उपसलेले पाणी घाट चढवून, सुमारे ७० किलोमीटरचे अंतर कापून शहरात आणले जाते. या पाण्यासाठी इंदूरच्या नागरिकांनी १९७० साली मोठे आंदोलन केले होते. पहिल्या टप्प्याचे पाणी १९७८ मध्ये शहरात पोहोचले. त्यानंतर शहर वाढले, योजनेचे पुढचे टप्पे झाले आणि इंदूरचा नळ नर्मदेशी कायमचा बांधला गेला.

नर्मदा या शहरात आणखी एका वाटेने येते. देवास, हरदा, सिहोर, नर्मदापुरम आणि खरगोन या जिल्ह्यांतून, विशेषतः नेमावर-खातेगावच्या रस्त्याने, रेतीने भरलेले डंपर इंदूरकडे धावत असतात. शहराचे उड्डाणपूल, गृहसंकुले आणि मेट्रोचे खांब यांत नदीची रेती मिसळलेली आहे. म्हणजे एकाच नदीकडून हे शहर पाणीही घेते आणि पाणी धरून ठेवणारी रेतीही घेते. पहिल्या व्यवहाराची नोंद आहे, मीटर आहे, देयक आहे. दुसऱ्या व्यवहारातील बराच भाग कोणत्याही वहीत चढत नाही. अवैध रेती उत्खननाची चर्चा आपल्याकडे बहुधा नदीकाठच्या धाडी आणि जप्त ट्रॅक्टर यांच्याभोवती फिरते. परंतु या प्रश्नाची खरी गाठ शहरातील बांधकामाच्या जागी आहे आणि ती तिथेच सोडवावी लागेल, हे इंदूरच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. रेतीच्याच प्रश्नात अडकलेल्या गोव्यासाठीही त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे.

आधी रेती नदीत काय काम करते ते पाहू. रेतीच्या कणांमधील पोकळी साधारण ३० टक्के धरली, तर एक हेक्टर क्षेत्रावरील तीन मीटर जाडीचा थर, म्हणजे ३० हजार घनमीटर रेती, सुमारे ९ हजार घनमीटर पाणी सामावू शकते. लिटरमध्ये सांगायचे तर ९० लाख लिटर. पाच हेक्टरांच्या एका खाणपट्ट्यासाठी हा आकडा साडेचार कोटी लिटरवर जातो. रेती काढली की तिथे खड्डा राहतो आणि त्यात पाणी दिसतेही. पण ते उघडे पाणी उन्हाने उडते. नदीचा तळ खाली गेल्यामुळे काठावरच्या विहिरींचे पाणी त्या खोल तळाकडे ओढले जाते. पावसाळ्यात मुरलेले पाणी उन्हाळ्यात हळूहळू नदीला परत देण्याची व्यवस्था मोडते. शिवाय प्रवाह खड्ड्याच्या वरच्या बाजूस तळ कुरतडत जातो, दरडी कोसळतात, पुलांचे पाये उघडे पडतात. रेती ही नदीची चाळणीही आहे. ती गेली की पाणी गढूळ होते आणि त्याच्या शुद्धीकरणाचा भार जलप्रकल्पांवर पडतो. स्वस्त मिळालेल्या रेतीची किंमत अशा रीतीने पाण्याच्या खर्चात येऊन मिसळते. फक्त ती वेगळी दिसत नाही.

ही झीज दर पावसाळ्यात भरून निघते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. मोकळ्या वाहणाऱ्या नदीबाबत तो अंशतः खरा आहे. नर्मदा मात्र आता मोकळी नदी उरलेली नाही. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीवर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि शेवटी गुजरातमध्ये सरदार सरोवर अशी धरणांची साखळी आहे. इंदिरा सागरची साठवणक्षमता १२ अब्ज घनमीटरांहून अधिक असून क्षमतेच्या दृष्टीने ते देशातील सर्वात मोठे जलाशय मानले जाते. वाहते पाणी जलाशयात शिरताच संथ होते आणि जड, भरड रेती तिथेच बसते. धरणाच्या दारांतून खाली येते ते बहुतांशी गाळ हरवलेले पाणी. ओंकारेश्वरच्या खाली, मंडलेश्वर-महेश्वरच्या पट्ट्यात नव्या रेतीची भिस्त चोरल, वेदा, कुंदी यांसारख्या लहान उपनद्यांवर उरते. जलूदचे पाणी नेमके याच पट्ट्यातून उचलले जाते. येथील रेती म्हणजे बऱ्याच अंशी धरणपूर्व काळातील साठा आहे. मराठीत राखीव धनाला आपण गंगाजळी म्हणतो. नर्मदेच्या या भागातून आपण दरवर्षी काढतो ती तिची गंगाजळी आहे, उत्पन्न नव्हे.

कायद्याला हे तत्त्व अपरिचित नाही. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने राज्यांना दिला आणि दीर्घकाळ रेतीकडे महसुलाची बाब म्हणूनच पाहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. मोठ्या पट्ट्याचे लहान तुकडे करून परवानगी टाळण्याची पळवाट त्यामुळे अडली. केंद्राने २०१६ मध्ये शाश्वत रेती उत्खननाची मार्गदर्शक तत्त्वे आणली, प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल आवश्यक ठरवला आणि २०२० मध्ये देखरेखीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात निर्वाळा दिला की, नदीत दरवर्षी किती रेती नव्याने जमा होते याचा शास्त्रीय अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही. नदीच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. आजवर अनेक अहवाल पात्राची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून साठा काढत आणि त्यातील ठरावीक टक्के रेती उत्खननयोग्य ठरवत. प्रश्न असा की टक्के कशाचे? साठ्याचे काढले तर काही वर्षांत साठा संपतो. वार्षिक भरणीचे काढले तरच नदी टिकते. धरणांखालच्या नदीत ही भरणी किती आहे, हे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची मोजणी केल्याशिवाय कळूच शकत नाही.

मध्य प्रदेशाने नर्मदेसाठी घोषणा कमी केल्या असे नाही. डिसेंबर २०१६ ते मे २०१७ या काळात तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने नर्मदा सेवा यात्रा काढली. ३ मे २०१७ रोजी विधानसभेने नर्मदेला सजीव घटक मानण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात नर्मदेतील रेती उत्खननावर बंदी जाहीर झाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचा दावाही करण्यात आला. पण बंदी टिकली नाही. नवे धोरण आले, खाणी पुन्हा सुरू झाल्या. सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये आणखी नवे नियम झाले, जिल्ह्यांच्या गटांचे ठेके निघाले आणि नर्मदेत यंत्रांनी उत्खनन करण्यास मनाई ठेवली गेली. तरी पात्रात यंत्रे दिसल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. बडवानी-धार भागात सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील उत्खननाचा वाद नर्मदा बचाव आंदोलनाने न्यायालयात आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. सरकारे बदलली, धोरणे बदलली. परंतु शहराची रेतीची मागणी कोणत्याही धोरणात मोजली गेली नाही. मागणी तशीच ठेवून पुरवठा बंद केला, की तो पुरवठा अंधारात जातो आणि महाग होतो. ती महागाई पुन्हा चोरीचे आमिष वाढवते.

या आमिषापुढे काठावरची सरकारी यंत्रणा किती तोकडी पडते, याचे दाखले मध्य प्रदेशातच आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहडोल जिल्ह्यात शोण नदीच्या परिसरात अवैध रेती रोखण्यासाठी गेलेल्या एका पटवाऱ्याला ट्रॅक्टरखाली चिरडण्यात आले. त्याच जिल्ह्यात मे २०२४ मध्ये एका पोलीस सहायक उपनिरीक्षकाचा तसाच अंत झाला. हे दोघे खालच्या पायरीवरचे कर्मचारी होते. रात्री नदीवर जाण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते. पकडलेले वाहन दंड भरून सुटते, हा पूर्वीचा परिपाठ होता. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले की, दंडावर तडजोड झाली तरी चोरीच्या गुन्ह्याची फौजदारी कारवाई स्वतंत्रपणे चालू शकते. कायद्याचे हत्यार त्यामुळे धारदार झाले. पण शेकडो किलोमीटरच्या काठावर, अगणित कच्च्या वाटांवर प्रत्येक ट्रॅक्टर अडवणे कोणत्याही पोलीस दलाच्या आवाक्यातले नाही.

याउलट ही रेती जिथे पोहोचते त्या जागा मोजक्या आणि ठाऊक असलेल्या आहेत. प्रत्येक मोठ्या इमारतीला बांधकाम परवानगी असते, नकाशा असतो, वास्तुविशारद असतो, पूर्णत्वाचा दाखला असतो. किती क्षेत्रफळाच्या बांधकामाला साधारण किती रेती लागते, हे कोणताही अभियंता सांगू शकतो. मग ती रेती कोठून आली, कोणत्या वाहतूक परवान्यावर आली, हे पूर्णत्वाचा दाखला देताना विचारले का जात नाही? सरकारी कामांची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. ठेकेदाराने खनिजाची रॉयल्टी भरल्याचा पुरावा दिला नाही, तर त्याच्या देयकातून तेवढी रक्कम कापून घेण्याची पद्धत अनेक राज्यांत रूढ आहे. सरकारला पैसा मिळतो आणि विषय संपतो. रेतीचा उगम अज्ञातच राहतो. महसुलाच्या नजरेने हा व्यवहार चोख असेल. नदीच्या नजरेने तो चोरीच्या मालाला सरकारी पावती देण्यासारखा आहे.

इंदूरने हा प्रश्न हाती घ्यावा असे म्हणण्यामागे कारण आहे. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या क्रमवारीत हे शहर सलग अग्रस्थानी राहिले. ते घराघरांतून कचरा वेगळा करून घेण्याच्या, गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता गेली याची नोंद ठेवण्याच्या शिस्तीतून साधले. कोणत्या घरातून ओला कचरा वेगळा आला नाही हे ज्या महापालिकेला कळते, तिला कोणत्या इमारतीत किती रेती आली हे कळणे अशक्य नाही. याच महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभारले. नर्मदेचे पाणी चढवण्यासाठी लागणारी वीज सौरऊर्जेतून मिळवावी, म्हणून खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्याचा तो संकल्प होता. पंपाच्या विजेचा विचार इतक्या दूरदृष्टीने करणाऱ्या शहराने, ज्या पात्रातून तो पंप पाणी ओढतो त्या पात्राचाही विचार करायला हवा.

वेळही महत्त्वाची आहे. इंदूर मेट्रोचा पहिला लहान टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. बाकीचे काम पुढे आहे. शेजारच्या उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ भरेल आणि त्यासाठी रस्ते, घाट, पूल, निवासव्यवस्था यांची कामे दोन्ही शहरांत चालू आहेत. ज्या क्षिप्रेत भाविक स्नान करतील, तिच्यात पाणी असावे म्हणून २०१४ पासून नर्मदेचेच पाणी उचलून सोडले जाते. एका नदीचा घाट बांधण्यासाठी दुसऱ्या नदीचे पात्र खरवडले जावे आणि पुन्हा तिच्याच पाण्याने पहिली नदी भरली जावी, अशी ही साखळी आहे. सिंहस्थाची कामे सरकारी पैशाने होतात. म्हणून रेतीच्या उगमाची अट घालण्याचा प्रयोग येथूनच सुरू करणे सोपे आणि न्याय्य ठरेल.

मात्र मागणी मोजणे पुरेसे नाही, ती वळवावीही लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन रेती आणि खडी वापरली जाते. एवढा भार नद्या पेलू शकत नाहीत. माळव्याचे पठार काळ्या पाषाणाचे आहे. दगड दळून केलेली कृत्रिम रेती काँक्रीटसाठी वापरता येते आणि दक्षिणेतील राज्यांत ती सर्रास वापरात आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर करून सरकारी कामांत तिचा ठरावीक वाटा अनिवार्य केला. पाडलेल्या इमारतींचा मलबा दळून पायाभरणी, फरशीचे ठोकळे अशा कामांसाठी वापरता येतो. इंदूरमध्ये त्याचे प्रक्रिया केंद्र आहेच. अर्थात कृत्रिम रेती निर्दोष नव्हे. तिच्यासाठी टेकड्या फोडाव्या लागतात, धूळ उडते, तिची प्रतही तपासावी लागते. परंतु खाणीला कुंपण घालता येते, तिचे मोजमाप करता येते. रात्रीच्या अंधारात वाहत्या नदीचे मोजमाप होत नाही.

या सगळ्या हिशेबात नदीवर जगणारी माणसे निसटून जाता कामा नयेत. नर्मदाकाठचे केवट, कहार हे समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या रेतीत ते कलिंगड-खरबुजाच्या वाड्या करतात. ती रेती नाहीशी झाली की त्यांची शेती जाते. मध्य प्रदेशाचा राज्यमासा असलेला महाशीर वाहत्या पाण्यात, गोट्या-रेतीच्या तळावर अंडी घालतो. धरणे आणि उत्खनन यांनी त्याची जागा दुहेरी हिरावली आहे. दुसरीकडे, घमेल्याने रेती काढून होडीत भरणारा मजूरही याच काठावरचा आहे. हाताने काढली जाणारी मर्यादित रेती आणि यंत्राने उपसली जाणारी रेती यांत फरक न करणारी बंदी पहिल्यांदा त्या मजुराला उपाशी ठेवते. यंत्रवाल्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही.

हा शेवटचा मुद्दा गोमंतकीय वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तेरेखोल, शापोरा, मांडवी आणि जुवारी या नद्यांमध्ये होडीतून बुडी मारून रेती काढण्याचा व्यवसाय जुना आहे. परवाने थांबले, प्रकरणे उच्च न्यायालयात गेली, बेकायदा होड्या जप्त झाल्या; तरी रात्रीचा उपसा थांबला नाही. २०२२ मध्ये कुडचडे परिसरात रेती काढणाऱ्यांवर गोळीबार होऊन एका परप्रांतीय मजुराचा जीव गेला. नदीकाठ खचला की खाजन शेतीचे बांध धोक्यात येतात आणि खारे पाणी शेतात शिरते, हेही गोव्याने पाहिले आहे. या काळात राज्यातील बांधकामे मात्र वाढतच गेली. त्यासाठी लागणारी रेती शेजारच्या सिंधुदुर्गातून आणि कर्नाटकातून येत राहिली. तेरेखोलच्या एका काठावर गोव्याचा कायदा आणि दुसऱ्या काठावर महाराष्ट्राचा. रेतीला दोन्हींशी कर्तव्य नसते. आपल्या नदीत बंदी आणि शेजाऱ्याच्या नदीतून आयात, याला नदीरक्षण म्हणता येणार नाही. इंदूर आणि गोवा यांची स्थिती या बाबतीत सारखीच आहे: दोघेही ग्राहक आहेत आणि दोघांनीही ग्राहकाची जबाबदारी अद्याप उचललेली नाही.

अशी उगमाची अट घातल्यास रेती महागेल आणि घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला त्याचा फटका बसेल, हा आक्षेप गंभीर आहे. पण आजची रेती स्वस्त आहे असे कोण म्हणेल? अवैध बाजारात दर ठरतो तो हप्त्यांवर आणि टंचाईच्या अफवांवर. लहान घरांसाठी ठरावीक ब्रास रेती सवलतीत देणे आणि मोठ्या प्रकल्पांना पूर्ण हिशेब मागणे, असा भेद करता येतो. नियमाचा पहिला रोख व्यावसायिक संकुलांवर आणि सरकारी ठेक्यांवर असावा. सर्वाधिक रेती तिथेच जाते आणि कागदपत्रेही तिथेच तयार असतात.

त्यासाठी नव्या यात्रेची वा नव्या ठरावाची गरज नाही. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पात्राची मोजणी करून प्रत्येक पट्ट्यातील भरणीचा आकडा जाहीर करावा आणि उत्खननाची मर्यादा त्या आकड्याच्या आत ठेवावी. धरणांखाली जिथे भरणी नगण्य आहे, विशेषतः जलूदसारख्या पेयजलाच्या उपशाच्या परिसरात, तिथे खाणपट्टा देऊ नये. वाहतूक परवाना बांधकामाच्या परवानगी क्रमांकाशी जोडावा आणि त्याशिवाय ना पूर्णत्वाचा दाखला द्यावा, ना ठेकेदाराचे अंतिम देयक. रॉयल्टी कापून मोकळे होण्याची सवलत बंद करावी. हाताने रेती काढणाऱ्या स्थानिकांना मर्यादित हक्क देऊन नदीच्या राखणीत सहभागी करून घ्यावे. यातील बहुतेक गोष्टी महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा प्रशासन यांच्या विद्यमान अधिकारांत आणि थोड्या नियमदुरुस्तीत बसतात.

नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी यात्रेकरू आजही हजारोंनी निघतात. नदीला उजव्या हाताला ठेवून, तिला न ओलांडता चालत राहायचे हा त्या व्रताचा नियम आहे आणि तो ते निष्ठेने पाळतात. ज्या शहरांनी नदी नळांतून आणि भिंतींतून घरात आणली, त्यांच्यासाठीही एक मर्यादा आहे: नदी वर्षाला जेवढे देते, त्याहून अधिक घ्यायचे नाही. सिंहस्थाच्या कामांची देयके येत्या दोन वर्षांत मंजूर होत राहतील. त्या फायलींमध्ये रेतीच्या उगमाचा कागद जोडलेला असतो की फक्त रॉयल्टी कपातीची नोंद, एवढे पाहिले तरी ही मर्यादा पाळली जाते आहे की नाही ते समजेल.